दुसऱ्या डॉक्टरांचे मत : कधी, कोठे आणि कसे

मंडळाच्या आरोग्य समितीचे काम करताना आमच्याकडे जे लोक येतात, त्यांच्यापैकी बहुतेकांचा प्रश्न एकच असतो. "डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय, करावं का?" विचारणारा घाबरलेला असतो. बचत गटातून किंवा पाहुण्यांकडून पैशांची अर्धीअधिक जुळवाजुळव झालेली असते आणि तारीख दोन दिवसांवर आलेली असते. आम्ही डॉक्टर नाही. समितीत एक निवृत्त परिचारिका आहेत, एक प्राथमिक शिक्षक, औषधाच्या दुकानात काम करणारे एक फार्मासिस्ट आणि सुटीच्या दिवशी मदतीला येणारे तीन-चार महाविद्यालयीन विद्यार्थी. त्यामुळे ऑपरेशन करावे की करू नये, हे आम्ही कधीच सांगत नाही. आम्ही एवढेच विचारतो, "दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं का?" त्यावर येणारे उत्तरही ठरलेले असते. "नाही हो, पहिल्या डॉक्टरांना राग येईल."

ही रागाची भीती आपल्या लोकांच्या मनात फार खोल आहे. खुर्चीत बसलेल्या माणसाला प्रश्न विचारायचा नाही, ही सवय आपल्याला पिढ्यान्पिढ्या लावली गेली. शाळेत, कचेरीत, बँकेत ती आपण बरीचशी मोडली. दवाखान्यात मात्र ती अजून शाबूत आहे. एम.ए., बी.एड. झालेला तरुणही आईला घेऊन आत जातो, "हो साहेब, हो साहेब" म्हणत बाहेर येतो आणि बाकावर बसल्यावर आम्हालाच विचारतो, "आईला नेमकं काय झालंय म्हणाले डॉक्टर?" यंदाच्या स्मरणिकेसाठी हा विषय आम्ही मुद्दाम घेतला तो याच कारणाने.

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळाच्या एक भगिनी आमच्याकडे आल्या. वय ३४, दोन मुले. कंबर दुखत होती, अंगावरून पांढरे जात होते. तालुक्याच्या गावातील एका खाजगी दवाखान्यात सोनोग्राफी झाली आणि सांगण्यात आले, "पिशवी खराब झाली आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल, आठ दिवसांत काढून घ्या." सासूबाई म्हणाल्या, डॉक्टर म्हणतात तर काढून टाका, दोन लेकरं झालीच आहेत. पैसे व्याजाने आणायचे ठरले होते. त्यांची फाईल पाहिली तर त्यात सोनोग्राफीचा एक कागद सोडून काहीच नव्हते. कॅन्सरची भीती घातली होती, पण गर्भाशयाच्या मुखाची पॅप तपासणी केलेली नव्हती. आतून तपासणीही झाली नव्हती.

आम्ही त्यांना अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात स्त्रीरोग विभागात घेऊन गेलो. दोन फेऱ्या झाल्या. तपासणीत जंतुसंसर्ग निघाला. नवरा-बायको दोघांनाही गोळ्या दिल्या. पॅप तपासणी निर्दोष आली. सोनोग्राफीत गर्भाशय "थोडे मोठे" लिहिले होते, ते मुले झालेल्या पुष्कळ बायकांत दिसते आणि तेवढ्यावरून ते काढायचे नसते, असे तिथल्या मॅडमनी आम्हाला समजावून सांगितले. महिन्याभरात तक्रार थांबली. कंबर अजून कधीकधी दुखते, कारण ती पाण्याच्या घागरी उचलून दुखते.

हे एकट्या-दुकट्या बाईचे प्रकरण असते तर आम्ही इतके लिहिले नसते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची गोष्ट २०१९ साली सगळ्या देशात गाजली. शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, त्यांच्यापैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. त्यामागे केवळ दवाखाने होते असे नाही. मुकादमाची उचल घेतलेली, कोयत्याला खाडा पडला की दंड, पाळीच्या दिवसांत फडात ना पाणी ना आडोसा. अशा वेळी "एकदाची पिशवी काढून टाकू" हे बाईलाही सोपे वाटते. पण तिशीत गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली गेली, तर हाडे लवकर ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो, हे तिला कोणी सांगितलेले नसते. या प्रकरणानंतर बीड जिल्ह्यात खाजगी रुग्णालयांना असे ऑपरेशन करण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक करण्यात आले. म्हणजे शासनानेच दुसरे मत सक्तीचे केले. पुढे ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठीची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत स्वीकारावीत, असा आदेश दिला.

राग येण्याचे कारण नाही

दुसरे मत घेणे म्हणजे पहिल्या डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे नव्हे. डॉक्टरांच्या वर्तनासाठी २००२ साली जी नियमावली झाली, तिच्यातच गंभीर आजारात, निदानाबद्दल शंका असताना किंवा अवघड प्रकरणात डॉक्टरने स्वतः होऊन दुसऱ्या तज्ज्ञाचा सल्ला मागावा असे म्हटले आहे. अशा सल्लामसलतीत डॉक्टरांनी आपसांत हेवा-मत्सर ठेवू नये, असेही त्यातच आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली रुग्णांच्या हक्कांची जी सनद तयार केली, तिच्यात दुसरे मत घेण्याचा हक्क स्पष्ट नोंदवलेला आहे. रुग्णाने दुसरीकडे दाखवले म्हणून पहिल्या रुग्णालयाने त्याच्या उपचारात हयगय करायची नाही, असा त्याचा अर्थ. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीचे नियम जानेवारी २०२१ मध्ये सुधारले गेले. त्यानुसार खाजगी रुग्णालयाने रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचे असते. पुढच्या वेळी दवाखान्यात गेल्यावर भिंतीकडे जरा नजर टाका.

आमचा अनुभव असा की चांगल्या डॉक्टरला याचा राग येत नाही. उलट तो म्हणतो, "जरूर दाखवा, आणि ते काय म्हणाले मला येऊन सांगा." बोलायचे कसे, एवढाच प्रश्न उरतो. "डॉक्टरसाहेब, घरच्या वडीलधाऱ्यांना धीर यावा म्हणून एकदा आणखी कोणाला दाखवू म्हणतो, कागद द्याल का?" एवढे वाक्य पुरते. त्यावर कोणी खवळले, फाईल हिसकावून घेतली, "मग इकडे परत येऊ नका" म्हणाले, तर त्या डॉक्टरांविषयी जे कळायचे ते आपल्याला कळले.

कधी थांबू नये

आता याची दुसरी बाजू. ती आम्ही मोठ्या अक्षरांत छापायला सांगणार होतो. काही वेळा दुसरे मत घेत बसणे म्हणजे माणूस गमावणे. छातीत दाबल्यासारखे दुखून घाम फुटला, तोंड वाकडे होऊन एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, साप चावला, बाळंतिणीला रक्तस्राव थांबेना, लहान मूल श्वासाला धडपडते, अपघातात मार लागला, अशा वेळी जवळचे सुसज्ज रुग्णालय हेच योग्य रुग्णालय. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. त्या आधी मेंदूचा सी.टी. स्कॅन व्हावा लागतो, म्हणजे हातात वेळ फार थोडा. सर्पदंशाची लस सरकारी रुग्णालयात मिळते. मांत्रिकाकडे घालवलेला तास परत येत नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि निघावे.

याउलट, ज्या ऑपरेशनची तारीख ठरवता येते, त्यासाठी दुसरे मत घ्यायला बहुधा सवड असते. गर्भाशयाचे वर सांगितलेच. सोनोग्राफी दुसऱ्याच कारणाने केली आणि पित्ताशयात खडे दिसले, पण पोटात कधी दुखलेले नाही, तर बहुतेक लोकांना लगेच ऑपरेशनची गरज नसते. कंबरेची गादी सरकून पायात कळ येते, तेव्हा बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत ते तीन महिन्यांत औषध, हालचाल व व्यायामाने सुधारतात. मात्र लघवी-संडासवरचा ताबा सुटला, पायातली ताकद झपाट्याने जाऊ लागली, तर तीही तातडीच समजावी. गुडघे बदलण्याच्या बाबतीत रुग्णाला किती चालता येते, रात्री झोप लागते का, हे एक्स-रेइतकेच महत्त्वाचे असते.

हृदयाच्या बाबतीत लोक फार गोंधळतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. हार्ट अटॅक आलेला असताना बंद झालेली रक्तवाहिनी तातडीने उघडणे जीव वाचवते, तिथे वाद नाही. पण ज्याला बरेच महिने चढण चढताना छातीत भरून येते आणि थांबल्यावर बरे वाटते, त्याची गोष्ट वेगळी. अशा स्थिर हृदयविकारात स्टेंट बसवणे आणि नीट औषधोपचार करणे यांची तुलना करणारे मोठे अभ्यास झाले. त्यातला एक २००७ साली आणि दुसरा २०२० साली प्रसिद्ध झाला. आधी औषधे देऊन पाहिलेल्या लोकांपेक्षा स्टेंट घातलेल्यांत मृत्यू कमी झाले असे या अभ्यासांत दिसले नाही. छातीत दुखण्याला मात्र स्टेंटने आराम मिळतो. डाव्या मुख्य रक्तवाहिनीतला अडथळा किंवा फार कमजोर हृदय असेल तर हिशेब निराळा. म्हणून "नव्वद टक्के ब्लॉक आहे, उद्याच घाला" असे ऐकल्यावर, रुग्ण स्थिर असेल तर, "हा अटॅक आहे का? औषधांनी भागेल का?" एवढे दोन प्रश्न विचारून अँजिओग्राफीची सी.डी. दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञांना दाखवावी.

कागद म्हणजे अर्धा आजार हातात

दुसरे मत घ्यायला निघालेल्यांपैकी किती जण रिकाम्या हाताने निघतात! "कागद तिकडंच राहिले" म्हणतात. मग दुसरे डॉक्टर सगळ्या तपासण्या नव्याने लिहून देतात आणि आपण म्हणतो, बघा, हेही लुटायला बसले. वस्तुतः त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नसतो.

२००२ च्या नियमावलीनुसार दाखल रुग्णाचे कागद डॉक्टरने तीन वर्षे जपायचे असतात. रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या नातेवाइकाने मागणी केली की ७२ तासांत ते द्यायचे असतात. डिस्चार्ज कार्ड, रक्ताचे अहवाल, ऑपरेशनची टिपणे, सोनोग्राफीचे फोटो हे सर्व आपले आहे. एम.आर.आय. आणि सी.टी.चा नुसता अहवाल पुरत नाही, फिल्म किंवा सी.डी. लागते, कारण दुसरे तज्ज्ञ अहवाल वाचून नव्हे तर चित्र पाहून मत देतात.

कॅन्सरच्या संशयात एक गोष्ट लोकांना माहीतच नसते. गाठीचा तुकडा तपासायला पाठवतात तेव्हा प्रयोगशाळेत तो मेणाच्या ठोकळ्यात बसवतात, त्याचे पातळ काप काचपट्ट्यांवर घेतात. या काचपट्ट्या आणि मेणाचा ठोकळा मागून घेता येतो. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयासारख्या ठिकाणी बाहेरून आलेल्या रुग्णाच्या काचपट्ट्या पुन्हा तपासल्या जातात, कारण सगळा उपचार त्या निदानावर उभा असतो. ठोकळा जवळ असला तर बऱ्याचदा नव्याने तुकडा काढावा लागत नाही. हे काम आमच्या विद्यार्थी मित्रांनी करावे. ठोकळा मागायचा तो पावती देऊन-घेऊन, आणि उन्हात न ठेवता आणायचा.

औषधांचे कागदही लपवू नयेत. काही जण दुसऱ्या डॉक्टरांची परीक्षा पाहण्यासाठी आधीच्या गोळ्या सांगतच नाहीत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना ती लपवली तर परीक्षा आपल्या जिवावर बेतते. आम्ही एवढेच सुचवतो की सर्व कागद द्यावेत, पण पहिल्या डॉक्टरांनी काय करायला सांगितले ते आपण होऊन पहिल्या वाक्यात सांगू नये. दुसऱ्यांना आधी स्वतः तपासू द्यावे. (आमच्या परिचारिकाबाईंना हे पटत नाही. त्या म्हणतात, सगळे सरळ सांगावे.)

कोणाकडे जावे

पहिल्या डॉक्टरांनीच चिठ्ठी देऊन पाठवलेल्या ठिकाणी घेतलेले मत वाईटच असेल असे नाही. पण दुसरे मत शक्यतो वेगळ्या संस्थेत, पहिल्याशी व्यवहार नसलेल्या माणसाचे असावे. रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन देणे-घेणे २००२ च्या नियमांनी निषिद्ध आहे. तरीही कट प्रॅक्टिस हा शब्द महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. २०१७ साली राज्य शासनाने तिच्याविरुद्ध कायदा करण्यासाठी समिती नेमली व मसुदाही तयार झाला. याविषयी स्वतः डॉक्टरांनीही तोंड उघडले आहे. डॉ. अरुण गद्रे यांनी देशभरातील डॉक्टरांच्या मुलाखती घेऊन २०१५ साली त्या पुढे आणल्या, त्यात प्रामाणिक डॉक्टरांची घुसमट वाचायला मिळते. सर्व डॉक्टर सारखे नाहीत, हे आपणही लक्षात ठेवले पाहिजे.

वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाकडे आमचा कल आहे, हे लपवत नाही. तेथील डॉक्टरला आपले ऑपरेशन केल्याने जादा पैसे मिळत नाहीत, आणि एकाच छताखाली सर्व विभाग असतात. पुण्याचे ससून, नागपूरचे मेडिकल, छत्रपती संभाजीनगरचे घाटी, मुंबईतील जे.जे., के.ई.एम., सायन आणि नायर ही नावे सर्वांना माहीत आहेत. गर्दी, रांग, कधी तुसडे बोलणे हे सोसावे लागते. पण त्याची एक रीत आहे, ती कळली की त्रास कमी होतो. प्रत्येक विभागात युनिटे असतात आणि युनिटाचे बाह्यरुग्ण दिवस ठरलेले असतात. पहिल्यांदा मंगळवारी दाखवले असेल तर पुढेही मंगळवारीच जावे, म्हणजे तेच डॉक्टर भेटतात. गुरुवारी गेलात तर नव्या माणसाला सर्व रामायण पुन्हा सांगावे लागते. केसपेपरच्या खिडकीवर सकाळी लवकर उभे राहावे. प्रथम शिकाऊ निवासी डॉक्टर तपासतात. ते नवखे असले तरी वेळ देतात, त्यांना तुच्छ लेखू नये. ऑपरेशनचा निर्णय असेल तर "एकदा सरांना किंवा मॅडमना दाखवता का?" असे नम्रपणे म्हणावे. बहुधा ते दाखवतातच.

ज्यांना एवढे लांब जाणे जमत नाही, त्यांच्यासाठी शासनाची ई-संजीवनी ही मोफत दूरध्वनी-चित्रफीत सल्ल्याची सोय २०२० पासून सामान्य रुग्णांना खुली आहे. उपकेंद्रातील आरोग्यसेविका ती जोडून देऊ शकतात. पोट चाचपून पाहायचे असेल तिथे मात्र हिचा उपयोग मर्यादित.

खाजगीत जायचेच असेल तर धर्मादाय रुग्णालयांची माहिती ठेवा. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने ठेवायच्या असतात. उत्पन्नाचा दाखला व शिधापत्रिका बरोबर न्यावी आणि वैद्यकीय समाजसेवकाचे टेबल विचारावे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, प्रथम त्याला भेटावे.

रोजचा डॉक्टर निवडण्याबाबत थोडे. पाटीवरची पदवी वाचायला शिका. एम.बी.बी.एस. हा आधुनिक वैद्यकाचा पदवीधर. एम.डी., एम.एस., डी.एन.बी. हे त्या पुढचे विशेष शिक्षण आणि डी.एम., एम.सीएच. त्याहून पुढचे. बी.ए.एम.एस. आयुर्वेदाचे, बी.एच.एम.एस. होमिओपॅथीचे. कोणी कोणत्या औषधांचा वापर करावा याबाबत राज्यात नियम आणि वाद दोन्ही आहेत, ते बाजूला ठेवू. पण एका होमिओपॅथी डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधे दिल्याने रुग्ण दगावला, त्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निष्काळजीपणाच ठरवला, हे ठाऊक असावे. डॉक्टरचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि चिठ्ठीवर, पावतीवर असायलाच हवा. तो नसेल तर विचारा. क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर पडताळता येतो, आमचे विद्यार्थी दोन मिनिटांत पाहून देतात.

पदवीपेक्षाही आम्ही एक गोष्ट पाहतो. डॉक्टर हात लावून तपासतात का? नाडी, रक्तदाब, पोट, छाती न पाहता चिठ्ठी लिहिणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये. आणि येथे दोष आपलाही आहे. आपल्याच वस्तीत, जो सुई टोचत नाही तो डॉक्टर कसला, असे म्हणतात. अशक्तपणा आला की लोक स्वतःच सलाईन मागतात. सलाईनच्या बाटलीत मुख्यत्वे मीठ नाही तर साखर मिसळलेले पाणी असते. ज्याला तोंडाने खाता-पिता येते त्याला त्यात शक्ती मिळत नाही. एक तरुण डॉक्टर आमच्या वस्तीत दवाखाना घालून बसले होते. ते सर्दी-पडशाला सलाईन देत नसत, "दोन दिवसांनी बरं वाटेल" म्हणून फक्त पॅरासिटामॉल लिहीत. वर्षभरात त्यांना दवाखाना बंद करावा लागला. आम्ही त्या वेळी काही बोललो नाही.

दोन मते जुळली नाहीत तर

विनयपिटकातील महावग्गात वैद्य जीवकाची एक कथा आहे. राजगृहाच्या एका श्रेष्ठीला डोक्याचा भयंकर आजार होता. नामांकित वैद्यांनी त्याला सोडून दिले होते. काही म्हणाले पाचव्या दिवशी मरेल, काही म्हणाले सातव्या दिवशी. जीवकाने कवटी उघडून दोन किडे बाहेर काढले, एक मोठा आणि एक लहान, आणि सांगितले, ज्यांनी पाच दिवस म्हटले त्यांना हा मोठा दिसला होता, ज्यांनी सात म्हटले त्यांना हा लहान. दोघांचेही पाहणे त्याने बरोबरच ठरवले. वैद्यकाच्या दृष्टीने कथेचे काय करायचे ते करा, पण मते वेगळी पडली म्हणजे एक डॉक्टर खोटारडा, असे समजण्याची घाई करू नये. मते वेगळी पडली तर दोघांनाही कारण विचारावे. "हे न केल्यास महिन्याभरात काय बिघडेल?" हा प्रश्न दोघांना विचारून उत्तरे वहीत लिहून घ्यावीत. गरज पडल्यास तिसऱ्याकडे जावे. पण ही निवडणूक नव्हे, दोन विरुद्ध एक असा निकाल लावायचा नसतो. ज्याचे कारण तपासणीच्या कागदाशी जुळते, त्याचे वजन अधिक.

आमच्या हातून झालेली चूक येथे सांगणे भाग आहे. मंडळाचे एक ज्येष्ठ सभासद, एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर, तंबाखू खात. गालात आतून जखम झाली, महिनाभर भरेना. तुकडा तपासला, कॅन्सर निघाला. पहिल्याच सर्जनने स्पष्ट सांगितले की गाठ लहान आहे, लवकर ऑपरेशन करा. काका घाबरले. दुसरे मत घेऊ म्हणाले, आणि आम्ही उत्साहाने घेऊन गेलो. दुसऱ्या तज्ज्ञांनी तेच सांगितले. तेथे थांबायला हवे होते. काकांना मात्र "ऑपरेशन नको" असे म्हणणारा डॉक्टर हवा होता. तिसऱ्यांनीही तेच सांगितल्यावर कोणीतरी दुसऱ्या जिल्ह्यातील एका वैदूचे नाव काढले. आमच्यापैकीच एकाने गाडी ठरवून दिली. चार महिने लेप आणि चूर्ण चालले. टाटाला पोहोचलो तेव्हा मानेत गाठी आल्या होत्या, अर्धा जबडा काढावा लागला आणि शेकही द्यावा लागला. काका दीड वर्ष जगले. त्या दिवसापासून समितीने नियम केला की कॅन्सरमध्ये दोन तज्ज्ञांचे एकमत झाले की तिसरी गाडी आम्ही ठरवणार नाही, आणि दुसरे मत दहा-पंधरा दिवसांच्या आत झाले पाहिजे.

बीड, लातूर, धाराशिव भागातील रुग्णांना कॅन्सरसाठी थेट मुंबईच गाठावी लागते असे नाही. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय जवळ आहेत. मुंबईला जायचे तर राहण्याची सोय आधी पाहावी. रुग्णापेक्षा सोबत्याचेच हाल तिथे जास्त होतात.

विद्यार्थ्यांना एक काम सांगून ठेवतो. घरातील वडीलधाऱ्यांबरोबर दवाखान्यात जाताना मोबाईलवरचे व्हिडिओ डॉक्टरांना दाखवू नका, त्याने खरेच राग येतो. एक कागद घ्या, त्यावर आजार कधी सुरू झाला, कोणत्या गोळ्या चालू आहेत, कशाची ॲलर्जी आहे हे लिहा आणि खाली पाच प्रश्न लिहा. आजाराचे नाव काय, ते कशावरून ठरले, ऑपरेशनशिवाय काय करता येईल, एकूण खर्च किती आणि ऑपरेशन प्रत्यक्ष कोण करणार. स्त्री रुग्णाची तपासणी पुरुष डॉक्टर करत असतील तर सोबत स्त्री असण्याचा तिला हक्क आहे, हेही आठवणीने सांगा. संमतिपत्रावर कोऱ्या जागी सही करू देऊ नका. तपासणीसाठी दिलेली संमती म्हणजे अवयव काढण्याची संमती नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिलेला आहे.

आणि कागद मिळत नसतील तर भांडत बसू नये, अर्ज द्यावा. मंडळाच्या कार्यालयात त्याचा नमुना ठेवला आहे, तो असा : "मा. वैद्यकीय अधीक्षक यांस, मी आपल्या रुग्णालयात अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत दाखल होतो. माझ्या उपचाराच्या सर्व कागदपत्रांच्या प्रती, फिल्म आणि तुकडा तपासणीच्या काचपट्ट्या मला पुढील उपचारासाठी हव्या आहेत. नियमानुसार त्या ७२ तासांत द्याव्यात, ही विनंती." खाली रुग्णाची सही, पत्ता, तारीख. अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि एका प्रतीवर रुग्णालयाचा शिक्का व वेळ घालून घ्यावी.